वकट, लेंड, मूंड आणि चेंडू

वकट, लेंड, मूंड, नाल, आर. पूर्णेत विटी लांब उडाली की गलीपासून तिच्यापर्यंतचं अंतर दांडूनं मोजताना आम्ही हे शब्द मोठ्यानं म्हणायचो. मोजणी ज्या शब्दावर संपेल त्यावर पुढचा टोला ठरे: कधी विटी पायाच्या पंजावर ठेवून उडवायची, कधी मुठीवर, कधी थेट डोळ्यावर. आरच्या पुढं डोळा आणि झकू यायचे. एक-दोन-तीन सगळ्यांना येत होतं, पाढे तर मारून-मुटकून पाठ करून घेतलेले. तरी विटीदांडूत एक म्हणजे वकट आणि दोन म्हणजे लेंडच.

मुलांना अर्थाशिवाय शब्द चालतो, पण फार काळ चालत नाही. ती ओळखीचा अर्थ शोधून त्याला चिकटवतात. नाल म्हणजे बैलाच्या खुराला ठोकतात ती. आर म्हणजे पराणीच्या टोकाला असते ती. मूंड म्हणजे मुंडकं. लेंडला काय जोडायचं ते शेळ्या पाळणाऱ्या गावात सांगायला नको, आणि म्हणूनच तो शब्द सगळ्यांत मोठ्यानं ओरडला जाई.

खरा अर्थ पलीकडच्या क्वार्टरात राहत होता. हैदराबादहून मनमाडला जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास झाला, तिथून हिंगोलीकडं फाटा निघाला, आणि पूर्णा जंक्शन बनलं. निजामाच्या रेल्वेबरोबर तेलुगू बोलणारी कुटुंबं इथं आली, काही कायमची राहिली. दारावर आलेल्या भाजीवाल्याकडून लिंबं मोजून घेताना त्या घरातली अम्मा मोजायची: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आणि अंगणापलीकडं आम्ही ओरडत असायचो: वकट, लेंड, मूंड, नाल. मधे फक्त कुडाची भिंत.

हे आकडे तेलुगूच आहेत, कन्नड नाहीत, हे पहिल्याच शब्दावर ठरतं. कन्नडमध्ये एक म्हणजे ओंदु, दोन म्हणजे एरडु. त्यातून वकट आणि लेंड निघणार नाहीत. तेलुगूत शब्दाच्या सुरुवातीचा ओ बोलताना त्याच्याआधी पुसटसा व ऐकू येतो. जुन्या लेखनात तर 'वोकटि' असंच रूप सापडतं. मराठी कानानं तो व धरला, शेवटची इ सोडली आणि वकट झालं. रेंडुतल्या र चा ल झाला. र आणि ल यांची अदलाबदल आपल्याकडं लहान मुलांच्या तोंडी रोज होते, आणि हे शब्द मुलांच्याच तोंडून आलेले आहेत.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो मूंडवरचा अनुस्वार. आजच्या तेलुगूत तीनला मूडु म्हणतात, त्यात अनुनासिक नाही. पण ग्रांथिक तेलुगूत हा शब्द लिहिताना मू च्या पुढं अर्धा अनुस्वार, ज्याला तिथं अरसुन्ना म्हणतात, तो द्यावा लागे. बोलण्यातून तो पुसला गेला, पुस्तकातही आता क्वचित दिसतो. आपल्या मूंडमध्ये मात्र तो पुरा वाजतो. तेलुगू घरांतून निघून गेलेला एक नाद मराठी पोरांनी विटीदांडूच्या मोजणीत सांभाळून ठेवला असावा, असं मानायला मला आनंद होतो आणि आधारही दिसतो.

आता कुणी म्हणेल, पूर्णा तर तेलंगणाच्या वाटेवरचं गाव, तिथं तेलुगू आकडे असले तर नवल काय. नवल पुढं आहे. वकट-लेंड कोकणातल्या आजोबांनाही माहीत आहे, पुण्या-साताऱ्यातल्याही. जिथं तेलुगूचा एक शब्द कुणाला कळत नाही तिथंही विटीदांडूची मोजणी तेलुगूत चालत आली. म्हणजे हे काम रेल्वेचं नाही. रेल्वे येण्याच्या फार आधी शब्द पोचलेले होते. माझा कल वडार समाजाकडं जातो. दगड फोडणं, विहिरी खणणं, गढ्या-तटबंद्यांची कामं करणं यासाठी ही माणसं महाराष्ट्रभर फिरली, आणि त्यांची घरातली बोली तेलुगूच्या घरातली. मुंबईतल्या कामाठीपुऱ्याला नाव देणारे कामाठी तेलंगणातूनच आले. मराठवाड्याच्या बाजारपेठांत कोमटी व्यापाऱ्यांची घरं आहेत, गावोगाव कोमटी गल्ली असते. मोठी माणसं कामाची भाषा बोलत राहिली. त्यांच्या पोरांनी संध्याकाळी शेजारच्या पोरांबरोबर दांडू हातात घेतला. एका भाषेचे आकडे दुसऱ्या भाषेत शिरायला एवढं पुरतं. राजांनी जिंकलेल्या मुलखात कर कोणत्या भाषेत मोजायचा ते दरबार ठरवतो, खेळ कोणत्या भाषेत मोजायचा ते गल्ली ठरवते.

विटी सोडून चेंडूकडं वळलो तरी दक्षिण काही सुटत नाही.

आमच्या गल्लीत 'चेंडू' हा शब्द फार कमी वेळा निघायचा. आम्ही म्हणायचो बॉल. रबरी बॉल, कार्कचा बॉल, टेनिसचा बॉल; मुसलमान मोहल्ल्यातले दोस्त 'बाल' म्हणायचे. चेंडू होता तो पुस्तकात आणि आजीच्या तोंडी. आजी चिंध्यांचा चेंडू करून द्यायची: आत एक गुळगुळीत खडा, त्यावर लुगड्याच्या चिंध्या आवळून गुंडाळायच्या, वरून सुतळीनं जाळीसारखं विणायचं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल काप एकावर एक चढवून केलेला चेंडू त्याहून भारी, कारण तो उसळायचा. वस्तू हातानं केलेली असली की तिला चेंडू म्हणत, दुकानातून आणलेली असली की बॉल. असा फरक कुणी ठरवून केलेला नव्हता, पण मी आठवून आठवून पाहतो तेव्हा तो पक्का होता असंच दिसतं.

चेंडू हा शब्द मराठीत फार जुना आहे. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत तो 'चेंडुवें' अशा रूपात येतो. चेंडू जमिनीवर आपटतात तो जमिनीवर टाकून द्यायचा म्हणून नव्हे, उसळून पुन्हा हाती यावा म्हणून, असा तिथला दाखला आहे. सातशे वर्षांपूर्वी ज्यांनी हा दाखला ऐकला त्यांना उसळणारा चेंडू माहीत होता, हे त्यातून आपोआप कळतं. ज्ञानदेवांचं मूळ घराणं पैठणजवळच्या आपेगावचं, गोदाकाठचं. तीच गोदावरी खाली येऊन आमच्या तालुक्यात पूर्णा नदीला भेटते. त्या काठावरच्या पोरांच्या हातात तेव्हा चेंडू कशाचा असेल, हा प्रश्न मला कोशातल्या कुठल्याही नोंदीपेक्षा जास्त ओढ लावतो.

संस्कृतात चेंडूला कंदुक आणि गेंदुक. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त कंदुकावती नावाची राजकन्या देवीपुढं चेंडू खेळते आणि तिच्या खेळातल्या एकेका प्रकाराला स्वतंत्र नाव आहे. हिंदीतली गेंद गेंदुकाच्या बाजूची. मराठीनं मात्र ती वाट धरली नाही. आपला चेंडू कन्नडच्या चेंडुचा सख्खा, तेलुगूच्या चेंडुचा आणि तमिळच्या चेण्डुचा नातेवाईक. गंमत अशी की दक्षिणेत या एका शब्दाला दोन अर्थ आहेत: खेळायचा चेंडू आणि फुलांचा गुच्छ. तमिळमध्ये गुच्छाला पूच्चेण्डु म्हणतात, तेलुगूत पूलचेंडु. गच्च बांधून गोल केलेलं काहीही, मग ते चिंध्यांचं असो की फुलांचं, चेंडुच. आजीचा चेंडू या व्याख्येत अगदी चपखल बसतो.

आणि इथून झेंडूचं फूल दिसायला लागतं.

झेंडू मूळचा आपला नाही. तो मेक्सिकोच्या बाजूचा. कोलंबसानंतर, पोर्तुगीजांच्या काळात भारतात आला. दसऱ्याचं तोरण ज्याच्यावाचून कल्पनेत येत नाही ते फूल ज्ञानदेवांनी पाहिलेलं नव्हतं. नवं फूल आलं तेव्हा प्रत्येक भाषेला त्याला नाव द्यावं लागलं, आणि एकमेकींना न विचारता सगळ्यांनी एकच गोष्ट केली. हिंदीनं गेंदवरून गेंदा म्हटलं. तेलुगूत आज चेंडूला रूढ शब्द बंति, म्हणून फूल बंतिपुव्वु. कन्नडमध्ये चेंडुहूवु, तमिळमध्ये चेण्डुमल्लि. मराठीत चेंडू आणि झेंडू. ही रांग समोर मांडली की आपल्या दोन शब्दांतलं नातं वेगळं सिद्ध करावं लागत नाही. पूर्णेच्या बाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोत्यांनी झेंडू यायचा आणि उरलेली, दबलेली फुलं घेऊन आम्ही गल्लीत आबाधुबी खेळायचो. एकमेकांना नेम धरून मारायची, लागलं तर पाकळ्या उडायच्या. चेंडूचं नाव लावून घेतलेलं फूल आम्ही पुन्हा चेंडू म्हणून वापरत होतो.

आबाधुबीचं नाव मात्र निव्वळ आवाजाचं आहे. पाठीत ओला बॉल बसला की होतो तो 'धप्', त्याचंच हे नाव. हा खेळ कुठं अप्पारप्पी, कुठं धप्पाधप्पी. त्यात फार शोधायचं नाही.

फळीकडं यायला हवं, कारण तिथं मराठीनं स्वतःचं डोकं चालवलं आहे. तुकोबांच्या गाथेत खेळांवरचे अभंग आहेत, त्यांत विटुदांडू आहे तशीच चेंडूफळीही आहे. सतराव्या शतकात देहूची पोरं फळीनं चेंडू मारत होती. इंग्रजांच्या क्रिकेटशी त्यांचा काही संबंध नव्हता. पुढं क्रिकेट आलं तेव्हा त्यालाही काही काळ चेंडूफळीच म्हटलं गेलं. नाव टिकलं नाही, क्रिकेट हा शब्द जिंकला. पण फळी गेली नाही. ती फलंदाजात जाऊन बसली.

फलंदाज हा शब्द कसा जन्मला असेल ते पाहण्यासारखं आहे. आधी होता गोलंदाज, आणि तो मैदानातला नव्हे, रणांगणातला. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणं, त्यातून 'अंदाज' म्हणजे फेकणारा. तीर फेकणारा तिरंदाज, बरक म्हणजे वीज फेकणारा, म्हणजे बंदूकवाला, तो बरकंदाज, आणि तोफेचा गोळा फेकणारा गोलंदाज. पेशवाईच्या तोफखान्यात गोलंदाज पगारावर असत. तोफा गेल्या, शब्द रिकामा झाला, आणि कुणा मराठी माणसाला बॉल टाकणाऱ्याकडं बघून तो आठवला. एवढं झाल्यावर समोर उभा असलेला बॅटवालाही नाव मागणारच. गोलंदाजाच्या साच्यात फळी ओतली आणि फलंदाज तयार झाला. फारसीचा हिशेब लावला तर फलंदाज म्हणजे फळी फेकून मारणारा. पण शब्द घडवणाऱ्यानं व्याकरण पाहिलं नाही, जोडी पाहिली, आणि माझ्या मते योग्यच पाहिलं. एक टाकतो, दुसरा मारतो. नावं एकमेकांना शोभतात. हिंदीनं बल्लेबाज केलं, तेही चांगलं, आणि गेंदबाजाशी त्याचीही जोडी जमते.

बाकीची परिभाषाही अशीच जुन्या घरांतून उचललेली. चीत हा तालमीतला शब्द, पाठ जमिनीला लागली की चीत. तो पायचीतमध्ये आला आणि त्रिफळाचीतमध्ये आला. तीन यष्ट्यांना त्रिफळा म्हणणाऱ्याच्या घरी हिरडा, बेहडा, आवळकाठीचं चूर्ण नक्की असणार. डाव पत्त्यांचा, कुस्तीचा आणि सोंगट्यांचा. बाद हा जमाखर्चाच्या वहीतला, हिशेबातून वजा केलेला. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागायचं तेव्हा हे शब्द पूर्णेच्या पानटपरीपर्यंत पोचायचे. टपरीभोवती उभी असलेली माणसं 'झेलबाद' हा शब्द ऐकून मान डोलवायची, आणि तीच माणसं संध्याकाळी आम्हाला खेळताना बघून म्हणायची, "औट हाय की बे, कशाला भांडायलाव!"

कारण गल्लीत बाद कुणी होत नव्हतं. गल्लीत 'औट' होतं. आमची भाषा रेडिओची नव्हती आणि पुस्तकाचीही नव्हती. तिच्यात काय काय होतं ते एकदा नीट मांडायला हवं.

टप्पा होता. बॉल जमिनीवर एकदा आदळला की एक टप्पा, आणि जागा अरुंद असली की 'एक टप्पा औट' हा कायदा लागू. टप्पा हा मूळचा प्रवासाचा शब्द: एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, डाकवाले जिथं थैली बदलत ते ठिकाण. बॉलही तसाच एका जागी पाय टेकवून पुढं जातो, म्हणून नाव बसलं. भिडू होता, भिडणाऱ्याच्या बाजूनं भिडणारा. मुंबईच्या सिनेमानं त्याला पुढं टवाळ करून टाकलं, आमच्याकडं तो साधा सोबती होता. गडी होता. घरी गडी म्हणजे नोकर, गल्लीत गडी म्हणजे खेळाडू, आणि 'आमचे गडी कमी पडायलेत' असं म्हणताना कुणाला कमीपणा वाटत नसे. लिंबूटिंबू होता. धाकटा भाऊ किंवा शेजारच्या अम्माचा लहानगा खेळायचा हट्ट धरायचा, त्याला खेळायला घ्यायचं पण औट धरायचं नाही. कुठं त्याला कच्चं लिंबू म्हणतात. ज्या खेळात प्रत्येक धावेवरून भांडणं होत, त्याच खेळात एका पोराला हरण्यापासून सूट देणारा शब्दही होता. आमच्या कायदेपुस्तकातलं सगळ्यांत शहाणं कलम ते.

पुण्या-मुंबईकडं ज्याच्यावर पाळी येते त्याच्यावर 'राज्य' येतं. आमच्याकडं 'डाव' यायचा. डाव द्यायचा, डाव घ्यायचा, डाव न देता पळून गेलेल्याला दुसऱ्या दिवशी खेळायला घ्यायचं नाही. राज्य हा शब्द मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे. सगळ्यांमागं धावायचं, सगळ्यांना शोधायचं, सगळ्यांचे टोले खायचे, आणि नाव काय तर राज्य. राज्य करणाऱ्याचे हाल होतात हे ज्या मुलांनी पहिल्यांदा ओळखलं त्यांना माझा नमस्कार.

आणि ऐसपैस. डबा ऐसपैस खेळताना बॉल मारून डबा उडवायचा की पायानं, यावर आमच्या दोन गल्ल्यांचं कधीच जमलं नाही. शब्दाचं मूळ इंग्रजी 'आय स्पाय' म्हणजे 'मला दिसला'. आयस्पाय, आइसपाइस, ऐसपैस. मराठीत ऐसपैस हा शब्द आधीच होता, मोकळाढाकळा, प्रशस्त अशा अर्थाचा, त्यामुळं परक्या शब्दाला इथं तयार घर मिळालं. लेंडला शेळीची लेंडी चिकटली तशीच ही रीत. मुलं शब्द उसना घेतात आणि घरच्या शब्दाशेजारी बसवून त्याचं परकेपण घालवतात.

हे सगळं पूर्णेत एकाच वेळी कानावर पडायचं याला इतिहास कारण आहे. निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांचा मुलूख एका कारभाराखाली होता. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपलं, १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचे भाषेप्रमाणं तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. नकाशावर रेघ ओढली गेली. रेल्वेच्या क्वार्टरांतून ती ओढता आली नाही. आमच्या दोन टीममध्ये चारही भाषांची पोरं असायची. अंगणात बॉल गेला की "अम्मा, बॉल दो ना" असं हिंदीत ओरडणारा मराठी मुलगा आणि "पुन्हा आला तर बंबात घालते" असं झणझणीत मराठीत उत्तर देणारी तेलुगू बाई, यात कुणाला काही वेगळं वाटत नसे.

आता पूर्णेत विटीदांडू जवळजवळ थांबला आहे. क्रिकेट आहे, आणि त्याची भाषा टीव्हीवरून येते: डॉट बॉल, यॉर्कर, पॉवरप्ले. त्याबद्दल मला तक्रार करायची नाही. गल्लीनं शब्द नेहमीच बाहेरून घेतले, आजही घेते. काळजी वाटते ती वकट-लेंडची, कारण ती मोजणी छापील कागदावर फार थोडी आहे आणि साठी-सत्तरीच्या माणसांच्या जिभेवर पुष्कळ आहे. त्यातही मला एक जागा सतत अडवते. वकट, लेंड, मूंड, नाल हे एक ते चार. त्यापुढं आर येतो, आणि तेलुगूत आरु म्हणजे सहा. मधला पाच, ऐदु, आमच्या मोजणीत नव्हता. काही गावांत म्हणे नालनंतर 'ऐर' किंवा तशासारखं काही म्हणत. तसं असेल तर ऐदु आणि आरु एकमेकांत मिसळून गेले असतील. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणाला खेटलेल्या तालुक्यांत ज्यांनी लहानपणी दांडू हातात धरला, त्यांना कुणीतरी जाऊन विचारायला हवं: नालनंतर तुम्ही काय म्हणत होता?